दुसऱ्यांदा विचारायचं नाही

माझ्या नणंदेने तीन लाख लोकांसमोर माझी नक्कल केली, आणि मला ते कळलं शाळेच्या ऑफिसात, मधल्या सुट्टीत, तोंडात घास असताना.

आमच्या माणिकपूरच्या शाळेत मी दाखले आणि हजेरीपुस्तकं बघते. बर्था लायब्ररी बघते आणि डबा मात्र माझ्या टेबलावर येऊन खाते. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. "अगो सुमेधा, ही तुझी संपदाच ना? आणि ही गाऊनवाली, ही तूच की काय?"

मीच होते. फुलाफुलांचा गाऊन, डोक्याला चपचपीत तेल, एका हातात कालथा, दुसऱ्या हातात गरम पोळी. संपदाच्या हॉलंडमधल्या त्या चकचकीत स्वयंपाकघरात मी तिच्या नवऱ्याच्या मागे लागले होते आणि बिचारा रूबेन ताटावर दोन्ही हात आडवे धरून बसला होता. दोन वर्षांपूर्वी तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी सहा आठवड्यांची रजा खर्ची घालून तिच्याकडे उट्रेख्टला राबायला गेले होते. त्यातच कधीतरी बाईसाहेबांनी हे गुपचूप टिपून ठेवलं होतं.

ती क्लिप संपली की संपदा स्वतः समोर येते. ओढणीचा पदर करते आणि हुबेहूब माझ्या आवाजात सुरू होते. "घे ग, घे ग. एवढीशी तर आहे. माझ्या गळ्याची शपथ!" मग पदर काढते आणि चेहरा गंभीर करते. "हॉलंडमध्ये एकदाच विचारतात. नको म्हणजे नको. आपल्याकडे नको म्हणणाऱ्याला माणूसच समजत नाहीत. वयाची दहा वर्षं मी अशा जबरदस्तीच्या ताटावर काढली. हे प्रेम नाही, ही दादागिरी आहे."

बर्था आधी हसत होती. माझं तोंड बघून थांबली आणि मोबाइल पर्समध्ये टाकला.

आता सांगते ही दहा वर्षं कुठली ती. जयवंतची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, आई गेली तेव्हा संपदा चौदाची. मी लग्न होऊन आले त्याला वर्षही झालं नव्हतं. पोरगी जेवेनाशी झाली. ताटापुढे बसायची आणि म्हणायची, नको. भूक लागलेली असायची हो, डोळे भाताला चिकटलेले असायचे, पण आईवाचून घास गोड लागला तर आईला विसरल्यासारखं होईल असं काहीतरी तिच्या डोक्यात बसलं होतं. मला ते समजलं होतं. म्हणून मी दुसऱ्यांदा विचारायचे, तिसऱ्यांदा विचारायचे, शपथ घालायचे. मग ती जेवायची. वहिनीने जबरदस्ती केली म्हणून जेवले, असं स्वतःला सांगून पोटभर जेवायची. हे सगळं मी कधी तिच्याजवळ बोलले नाही, कारण बोलले असते तर ती पुन्हा उपाशी राहिली असती. आणि या बाईने त्याचं नाव ठेवलं दादागिरी!

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आठवडाभरात नववीची कार्टी व्हरांड्यात एकमेकांना वह्या देताना "घे ग, घे ग" करायला लागली. मुख्याध्यापिकाबाईंनी स्टाफरूममध्ये वाढदिवसाचा पेढा देताना मला हसून म्हटलं, "तुम्हाला आग्रह करायची आमची काय बिशाद!" मी पण हसले. घरी येऊन जयवंतना सांगितलं तर म्हणतात, "अगं, विनोद आहे तो. तिचं कामच आहे ते."

कामच होतं म्हणा. 'ताट देशोदेशीचं' नावाने दर रविवारी तिचा व्हिडिओ यायचा. जपानी माणूस पोटात थोडी जागा ठेवूनच उठतो, इटलीत जेवणानंतर दुधाची कॉफी मागितली तर भुवया वर जातात, जर्मनीत कितीतरी घरांत रात्री चूल पेटत नाही, पाव आणि चीज खाऊन मोकळे. हॉलंडमध्ये कॉफीबरोबर एक बिस्कीट देतात आणि डबा बंद करतात. मी आवडीने बघायचे. चार बायकांना पाठवायचे, माझी नणंद आहे म्हणून. स्वतःच्या हाताने मी आपली धिंड काढायची सोय करून ठेवली होती.

पाच महिने असे गेले आणि डिसेंबरात तिचा फोन आला. "वहिनी, जानेवारीत येतेय, दोन आठवडे. एकटीच. चालेल ना?" मग जरा थांबून, "तुला राग आलाय का ग माझा? तो व्हिडिओ मी काढून टाकलाय."

"राग कसला? ये की," मी म्हटलं. व्हिडिओ काढला, पण नववीच्या पोरांच्या तोंडातून तो कोण काढणार होतं?

फोन ठेवला आणि तिथेच ठरवलं. तिच्याच नियमाने तिचा पाहुणचार करायचा. एकदाच विचारायचं. नको म्हणाली की बरं म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारायचं नाही. जोवर ती स्वतःच्या तोंडाने "वहिनी, मला दे" म्हणत नाही, तोवर या हाताने तिच्या ताटात आग्रहाचा दाणाही पडणार नाही. तिने मागायला हवं, एवढंच मला हवं होतं. बाकी काही नको.

आली. वाळली होती. बॅग दारात ठेवून माझ्या पाया पडली.

"चहा टाकू?" मी विचारलं.

"नको ग वहिनी, कशाला लगेच."

"बरं," मी म्हटलं आणि दुधाचं पातेलं परत फ्रिजमध्ये ठेवलं.

तिने माझ्याकडे बघितलं. माझ्याकडून अजून दोन वाक्यं यायची होती ना! बस ग, थकली असशील, अर्धा कप तरी घे. ती वाक्यं माझ्या घशापर्यंत आली होती, खोटं कशाला बोलू. पंचवीस वर्षांची सवय. मी गिळून टाकली. जयवंत म्हणाले, "अगं, टाक की चहा." मी म्हटलं, "ती नको म्हणाली. ऐकलं नाहीत?"

गंमत बघा. चौदा वर्षं त्या देशात काढून, तीन लाख लोकांना नियम शिकवून, ही माणिकपूरला उतरल्या उतरल्या पहिला शब्द बोलली तो आपल्याकडचा नको. तिथे ती खुशाल पहिल्या झटक्यात हो म्हणत असेल. पण माहेरच्या सोफ्यावर बसून वहिनीने विचारल्यावर पटकन हो कोण म्हणतं? जीभच वळत नाही. मला हे आधीपासून माहीत होतं. सगळा बेत त्याच्यावरच तर उभा होता.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पापलेट आणलं. तव्यावर रवा लावून तळलं, घरभर वास. एकेक तुकडा वाढला आणि म्हटलं, "आणखी देऊ?"

"नको, बास."

"बरं." उरलेले दोन तुकडे मी जयवंतच्या ताटात टाकले. त्यांना घास गिळवेना. संपदा काट्यावरचं मांस बोटाने निपटत बसली होती. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! सोलकढीची वाटी मी एका दमात संपवली.

असं रोज. रविवारी जयवंत आगाशीहून भुजिंग घेऊन आले. कोळशावर भाजलेलं चिकन आणि त्यात पोहे, कॉलेजात असताना ती यासाठी जीव टाकायची. पुडा उघडल्यावर तिचा चेहराच बदलला. आणि मी विचारल्यावर म्हणाली काय, तर "मला थोडंसंच हं, तुम्ही घ्या." मी थोडंसंच वाढलं. दोन चमचे. जपानमध्ये पोटात जागा ठेवून उठतात ना, मग ठेवा जागा! हे मी मोठ्याने म्हटलं नाही, पण पुडा बांधताना गाठ जरा जास्त आवळली.

बुधवारी बर्थाने शाळेत बातमी आणली. "तुझी संपदा काल स्टेशनच्या रिक्षा स्टँडजवळ दिसली. उभ्याने दोन वडापाव खात होती. मला बघून तोंड फिरवलं ग तिने. घरी जेवण नाही का देत तू?"

"देते की. एकदाच विचारून देते, तिच्याच नियमाने," मी म्हटलं, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या पायांना थकवा म्हणून जाणवला नाही.

बर्थाला कुठून सांगितलं असं झालं मला. शुक्रवारी ती फुग्यांचा डबा घेऊन घरी हजर. नाताळाचे नव्हेत, तिच्या भाचीच्या लग्नाचे, नारळाचं दूध घालून तळलेले मैद्याचे गोल फुगे. संपदा सवयीने म्हणाली, "नको मावशी, पोट भरलंय." बर्थाने ऐकलं तरी का? "गप ग. हे घे. हा छोटा आहे. हा बघ, फुटका आहे, हा धरायचाच नाही." संपदाने सहा खाल्ले. सहावा खाताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हात धुवायला म्हणून उठून गेली.

मी बर्थाला जिन्यापर्यंत सोडायला गेले आणि तिथेच खडसावलं. "तुला कोणी सांगितले होते नसते उद्योग?"

"सुमेधा, पोरीकडे नीट बघितलंस का तू?" बर्था म्हणाली. "तिला काहीतरी झालंय. आणि तू सूड उगवतेस. शोभत नाही तुला."

"तुझी नक्कल केली असती म्हणजे कळलं असतं," मी म्हटलं आणि वर आले.

संपदाच्या जायच्या दोन दिवस आधी, ती आंघोळीला गेली असताना, जयवंत स्वयंपाकघरात आले आणि हळू आवाजात बोलायला लागले. रूबेन आणि ती ऑगस्टमध्येच वेगळे झाले होते. घर त्याचं. ही एका खोलीत भाड्याने राहतेय. रविवारचे व्हिडिओ बंद केले, कारण कॅमेऱ्यासमोर ताट घेऊन बसलं की हिला रडू येतं. नोकरीचं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही होण्यासारखं.

"तिला इथे राहायचंय," जयवंत म्हणाले. "बोलली नाही तसं. पण काल तलावावर फिरताना दोनदा विचारलं, कौस्तुभची खोली रिकामीच असते ना म्हणून." कौस्तुभ आमचा मुलगा. तो बंगळूरला असतो.

"मग सांगा की तिला राहा म्हणून. भाऊ आहात."

"माझ्या म्हणण्याने ती राहील? या घरात ती वहिनीच्या शब्दावर राहिलीय कायम. तू म्हण."

मला वाईट वाटलं. नाही कशाला म्हणू? चौदा वर्षांची ती पोरगी डोळ्यांसमोर आली. पण तिच्या पाठोपाठ ओढणीचा पदर घेतलेली बाईही आली, माझ्या आवाजात शपथा घालणारी. जिथे नियम चांगले होते तिथे एकटी पडली, म्हणून आता दादागिरीचं घर आठवलं होय? आणि एवढं होऊनही एका शब्दाने मागायचं नाही. मी ओळखायचं, मी विनवायचं, मी गळ्याची शपथ घालायची, आणि मग ही माझ्यावर उपकार केल्यासारखी राहणार. मग पुन्हा दहा वर्षांनी कुणाला तरी सांगणार, वहिनीने जबरदस्तीने ठेवून घेतलं म्हणून.

"विचारेन," मी जयवंतना म्हटलं.

आणि विचारलं. संध्याकाळी ती कौस्तुभच्या खोलीत बॅग भरत होती. मी दारात उभी राहिले. "संपदा, इथेच राहतेस का आमच्याकडे?"

तिचा हात थांबला. "नको ग वहिनी. तुम्हाला कशाला त्रास?"

मान वर केली नाही. कुर्ता अर्धा घडी घातलेला, तसाच हातात. ती थांबली होती. लहानपणी ताटापुढे अशीच बसायची, मी पुन्हा कधी विचारते याची वाट बघत. मी दोन श्वास घेतले. पंख्याचा आवाज येत होता.

"बरं," मी म्हटलं.

तिने कुर्त्याची घडी पुरी केली आणि बॅगेत ठेवली. मी स्वयंपाकघरात येऊन कणीक तिंबायला घेतली. आत वळून बघितलं नाही. रात्री जयवंतनी स्वतःच्या हाताने वाढून घेतलं.

जायच्या दिवशी अकरा वाजता गाडी आली. जयवंत तिला विमानतळावर सोडायला जाणार होते. ते पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. बॅग डिकीत गेली. वॉचमनने गेट उघडलं. मी फाटकाशी उभी होते, शाळेतून अर्धी रजा घेऊन.

संपदा गाडीचं दार उघडून परत माझ्याकडे वळली. रस्त्यावर रिक्षा ये-जा करत होत्या, पहिल्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून बघत होत्या. तिने त्यांची पर्वा केली नाही.

"वहिनी," ती म्हणाली, "चुकले मी. तू मला भरवायचीस म्हणून मी जगले. हे मला तेव्हाही माहीत होतं आणि तरी मी तुझी चेष्टा केली. लोक हसतात म्हणून." तिचा आवाज फाटला. "मला परत जायचं नाहीये. मी राहू का इथे? मला ठेवून घे."

मिळालं. सहा महिने ज्यासाठी मी जीभ चावत होते ते सगळं मिळालं, तिच्या तोंडून, भर रस्त्यात, चार माणसांसमोर. हो म्हणायचं होतं. देवाशपथ, हो तयार होतं जिभेवर. पण मला ते आणखी एकदा ऐकायचं होतं. एकदाच फक्त. तिने हात धरावा, म्हणावं, वहिनी असं काय करतेस, नाही ऐकणार मी. मी इतक्या वेळा तिच्या मागे लागले, तिने एकदा माझ्या मागे लागावं. मग मी म्हणणारच होते, चल वर, बॅग काढ.

"आता नको," मी म्हटलं. "आता कशाला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी वाट बघत होते. तिने मान हलवली, शांतपणे, तिच्या उट्रेख्टच्या शेजारणी एकदा नको ऐकलं की हलवायच्या तशी.

"बरं वहिनी," ती म्हणाली. "विचारलं म्हणून राग मानू नकोस." आणि गाडीत बसली.

जयवंतनी काचेतून माझ्याकडे बघितलं. गाडी गेटबाहेर पडली, चर्चच्या बाजूला वळली. तेव्हा कुठे माझ्या तोंडून "अगं, हो" आलं. वॉचमन म्हणाला, "काय मॅडम?"

मी वर आले. फोन हातात होता. गाडी अजून हायवेलासुद्धा लागली नसेल. पण मला वाटलं, ती करेल. वाटेत तिला राहवणार नाही, ती फोन करून परत विचारेल. ती असं एका शब्दावर जाणार नाही. मी तिघांचा भात लावला. कौस्तुभच्या पलंगावर धुतलेली चादर घातली. बारा वाजले, एक वाजला. मी स्वतः दोनदा तिचं नाव काढलं आणि दोनदा फोन खाली ठेवला. आपण होऊन करायचा म्हणजे शेवटी मीच विनवल्यासारखं झालं असतं.

दीड वाजता फोन वाजला. जयवंत होते.

"गेली आत," ते म्हणाले.

"काही म्हणाली?"

"काही नाही. सुमेधा, तू असं का केलंस?"

"मला वाटलं, ती परत एकदा विचारेल."

पलीकडे गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

"पंधरा दिवस तूच तर शिकवलंस तिला," ते म्हणाले आणि फोन ठेवला.